रोजमुरा, जहागीर आणि इमान : दख्खनच्या लष्करी नोकरीतील पगाराचा इतिहास

वाणिज्य शाखेच्या वर्गात ‘प्रेरणा’ हे प्रकरण शिकवताना टेलर, मॅस्लो आणि हर्झबर्ग ही नावे ओघाने येतात. कामाच्या मापाने पैसा दिला तर काम वाढते, असे फ्रेडरिक टेलरने १९११ मध्ये मांडले. हर्झबर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातील सुमारे दोनशे अभियंते व हिशेबनीस यांच्या मुलाखती घेतल्या आणि १९५९ मध्ये निराळा निष्कर्ष काढला. पगार अपुरा किंवा अन्यायाचा वाटला तर माणूस असंतुष्ट होतो. परंतु केवळ पगार वाढल्याने तो मनापासून काम करू लागतोच असे नाही. ही सगळी उदाहरणे अमेरिकेतील कारखान्यांची व कचेऱ्यांची आहेत. शेजारच्या वर्गात इतिहासाचे प्राध्यापक त्याच वेळी मनसबदारी शिकवत असतात; पण या दोन वर्गांचे आपसात बोलणे होत नाही.

ते व्हावे, असा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. मध्ययुगीन दख्खनमध्ये लष्कराइतका मोठा नोकरवर्ग दुसरा नव्हता. शिपायाला पैसा कसा द्यावा, रोख की जमीन, महिन्याला की मोहिमेअखेर, ठरीव की कामगिरीनुसार, याचे जवळजवळ सर्व प्रयोग येथील राज्यकर्त्यांनी सहाशे वर्षांत करून पाहिले. त्या प्रयोगांच्या नोंदी फार्सी तवारिखांत, मराठी बखरींत व इंग्रजांच्या पत्रव्यवहारात आहेत. त्या एकत्र वाचल्यावर माझे मत असे झाले की, शिपायाच्या कामावर पगाराच्या आकड्यापेक्षा तो ठरल्या दिवशी हाती पडेल या खात्रीचा परिणाम अधिक झाला. ती खात्री तुटल्यावर मोठमोठी आमिषेही फारशी उपयोगी पडली नाहीत. मजुरी देण्यास विलंब करू नये अशा आशयाची इब्न माजाच्या संग्रहातील हदीस आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. ती नीतीची बाब झाली. येथे तिची राजकीय व आर्थिक बाजू पाहावयाची आहे.

दिल्लीचा रोख तनखा

आरंभ दिल्लीपासून करावा लागतो, कारण दख्खनमध्ये आलेल्या लष्करी हिशेबाच्या बऱ्याच पद्धती तिकडच्या आहेत. अलाउद्दीन खिलजीने (१२९६–१३१६) शिपायाला रोख पगार ठरवला. जियाउद्दीन बरनीच्या तवारिखेत वर्षाला २३४ टंके आणि जादा घोड्यासाठी ७८ टंके असे आकडे येतात. त्यांच्या अर्थाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, पण मुख्य गोष्ट स्पष्ट आहे. सुलतानाला मोठी फौज हवी होती आणि तिला मोठा पगार देणे परवडणारे नव्हते. तेव्हा त्याने पगार वाढवण्याऐवजी बाजारभाव खाली बांधले. गहू मणाला साडेसात जितल, असा भाव ठरला. आजच्या भाषेत सांगायचे तर त्याने वास्तव वेतन सांभाळले. त्याच वेळी घोड्याला डाग आणि शिपायाची हुलिया, म्हणजे चेहरेपट्टीची नोंद, सुरू केली. हजेरी खोटी लागू नये म्हणून हा बंदोबस्त होता.

फिरोजशाह तुघलकाने (१३५१–१३८८) ही घडी मोडली. शिपायांना गावांचा वसूल तोडून दिला गेला आणि नोकरी वंशपरंपरेने चालू लागली. त्याचा चरित्रकार शम्स सिराज अफीफ याने सांगितलेली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. वर्ष संपत आले तरी एका शिपायाला घोडा तपासणीत हजर करता आला नव्हता आणि तो आपल्या सोबत्यापाशी रडगाणे गात होता. सुलतानाच्या कानी ते पडले. त्याने चौकशी केली आणि शिपायाला सोन्याचा एक टंका दिला. कशासाठी, तर तपासणीच्या कारकुनाला लाच देण्यासाठी! अफीफ ही गोष्ट सुलतानाच्या दयाळूपणाचा दाखला म्हणून नोंदवतो. राजाच आपल्या कचेरीला लाच देऊ लागला, तेव्हा त्या तपासणीचा अर्थ काय उरला, हा प्रश्न त्याला पडलेला दिसत नाही.

अफीफने आणखी एक व्यवहार नोंदवला आहे. ज्यांना गावे मिळाली नव्हती त्यांना परगण्याच्या वसुलावर ‘इत्लाक’ म्हणजे वराती मिळत. वरात घेऊन दूरच्या परगण्यात जाणे शिपायाला जमत नसे. शहरातील दलाल ती एक-तृतीयांश किमतीला विकत घेत आणि परगण्यात जाऊन निम्मी रक्कम वसूल करत. म्हणजे सरकारच्या वहीत पूर्ण पगार, शिपायाच्या हातात त्याचा तिसरा हिस्सा. तासिका तत्त्वावर शिकवून मानधनाचे बिल मंजूर होण्याची वाट पाहिलेल्या वाचकांना ही गोष्ट अधिक समजावून सांगायला नको.

जहागिरीचा कागद

अकबराने डाग व चेहऱ्याची पद्धत १५७३-७४ च्या सुमारास पुन्हा सुरू केली आणि मनसबदारीची रचना उभी केली. कामगिरी पाहून बक्षीस देण्याचे सर्वांत नेटके वर्णन मात्र लष्करातले नाही, तसवीरखान्यातले आहे. आईन-इ-अकबरीनुसार चित्रकारांचे काम दर आठवड्याला बादशहासमोर मांडले जाई, आणि कामाचा दर्जा पाहून इनाम मिळे किंवा महिन्याचा पगार वाढे. काम डोळ्यांसमोर, पाहणारा जाणकार आणि निकाल आठ दिवसांत. असे जुळून आले की बक्षिसाचा उपयोग होतो, याबद्दल वाद नसावा.

घोडदळात मात्र काम डोळ्यांसमोर नव्हते. बदायुनी तक्रार करतो की, अमीर आपल्या नोकरांना शिपायांचे कपडे घालून हजेरीला उभे करत आणि जहागीर मिळाली की त्यांना वाटेला लावत. विणकर, पिंजारी, सुतार, भाजीवाले उसन्या घोड्यांवर बसून डाग घेऊन जात. बदायुनी अकबराचा टीकाकार होता, त्यामुळे त्याच्या शब्दांत तिखट अधिक आहे. तरी पद्धतीतली खोच त्याने बरोबर पकडली आहे. पैसा हजेरीच्या मोजणीवर मिळत होता, म्हणून माणसे मोजणीपुरती तयार होत होती.

पुढच्या शतकात खरा पेच जहागिरीत निर्माण झाला. मनसबदाराचा पगार कागदावर दामांत ठरे आणि तेवढ्या ‘जमा’ची, म्हणजे अंदाजी वसुलाची, जहागीर त्याला तोडून दिली जाई. प्रत्यक्ष वसूल, म्हणजे ‘हासिल’, त्याहून बराच कमी असे. शहाजहानच्या काळात हे सरकारने उघड मान्य केले. जहागिरीचे उत्पन्न किती महिन्यांच्या पगाराइतके आहे, असा हिशेब सुरू झाला. बारा महिन्यांच्या नोकरीला आठ महिने, सहा महिने आणि दख्खनमध्ये त्याहूनही खाली. त्या प्रमाणात घोडेस्वार ठेवण्याची जबाबदारीही उतरवली गेली. स्वतःच्याच सुभ्यात नेमणूक असेल तर सवार संख्येच्या एक-तृतीयांश, बाहेर असेल तर एक-चतुर्थांश आणि १६४६-४७ च्या बल्खच्या मोहिमेत तर एक-पंचमांश. पगार अपुरा पडतो हे कबूल करून काम कमी मागणे, हा तसा प्रामाणिक व्यवहार होता; पण त्यामुळे पाच हजारी मनसबदार या शब्दाचा आणि रणांगणावरील घोड्यांचा संबंध सैल होत गेला.

विजापूर १६८६ मध्ये आणि गोवळकोंडा १६८७ मध्ये पडल्यावर मागणी एकदम वाढली. एम. अतहर अली यांच्या मोजणीनुसार १६५८–७८ या काळात एक हजार जात किंवा त्यावरील ४८६ मनसबदारांत २७ मराठे होते. १६७९–१७०७ या काळात ५७५ मध्ये ९६. देण्याजोग्या जहागिरी पुरेनात. सतीश चंद्र, इरफान हबीब आणि अतहर अली यांनी या टंचाईला मोगल सत्तेच्या ऱ्हासात महत्त्वाचे स्थान दिले. जे. एफ. रिचर्ड्स यांनी १९७५ मध्ये गोवळकोंड्याच्या कारभाराचा अभ्यास करून वेगळे मत मांडले. सुपीक परगणे होते, पण लढाईच्या खर्चासाठी औरंगजेबाने ते खालशात राखून ठेवले, म्हणून टंचाई भासली. दोन्ही बाजूंचे पुरावे वजनदार आहेत. ताटकळणाऱ्या मनसबदाराच्या दृष्टीने मात्र जमीन नव्हती की राखून ठेवली होती, या भेदाला फारसा अर्थ नव्हता.

त्याची मनःस्थिती भीमसेन सक्सेनाच्या ‘नुस्खा-इ-दिलकुशा’त दिसते. १६४९ मध्ये बुऱ्हाणपुरात जन्मलेला हा कायस्थ दलपतराव बुंदेल्याच्या पदरी होता आणि दख्खनच्या मोहिमा त्याने स्वतः पाहिल्या होत्या. जहागीर पुढच्या वर्षी आपल्याकडे राहील याची कोणालाच आशा नाही, म्हणून जहागिरदाराचे आमिल रयतेकडून मिळेल तो दाम आताच काढतात, असे तो लिहितो. विहीर खोदणारा, तगाई देणारा जहागिरदार अशा हिशेबात वेडाच ठरला असता. बदलीची भीती माणसाला प्रामाणिक ठेवते, असा कारभाराचा एक समज असतो. दख्खनमध्ये तिने माणसाला घाई शिकवली.

होनांचा पगार आणि दिल्लीचे बक्षीस

याच मुलखात, याच काळात शिवाजी महाराजांनी नेमकी उलटी वाट धरली होती. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत तिचा तपशील आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार; जुमलेदाराला वर्षाला ५०० होन, हजारीला १०००. पगार रोख किंवा खजिन्यावरील वरातीने मिळे. मुलूख तोडून दिला जात नसे. बारगिराचा घोडा सरकारी, त्यामुळे उसना घोडा दाखवण्याचा प्रश्नच नाही. मुलूखगिरीस जाताना प्रत्येकाजवळ काय आहे याची नोंद होई आणि परतल्यावर झडती होई. सोने, रुपे, जडजवाहीर सरकारात जमा. जखमी झालेल्यांना आणि पराक्रम करणाऱ्यांना त्या त्या मानाने निराळे देणे मिळे.

जुनी वतने महाराजांनी सरसकट काढली असे नाही. तसे करणे शक्यही नव्हते. परंतु नव्या नोकरीच्या मोबदल्यात जमीन तोडून न देण्याचा कल स्पष्ट आहे. १६७३-७४ च्या सुमारास चिपळूणकडील छावणीच्या अधिकाऱ्यांना पाठवलेल्या प्रसिद्ध पत्रातही हाच विचार दिसतो. दाणावैरण जपून वापरा. ती संपली तर तुमची माणसे कुणब्याच्या घरात शिरतील आणि मग रयतेला मोगल बरा वाटेल, असा त्याचा आशय आहे. शिपायाची शिस्त आणि कोठारातला साठा यांचा संबंध महाराजांनी उपदेशाने नव्हे, हिशेबाने जोडला होता.

१६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला आणि राजाराम महाराजांना जिंजीस जावे लागले. खजिना नाही, मुलूख शत्रूच्या ताब्यात आणि समोर औरंगजेब वतनांची व मनसबींची खैरात करतो आहे. अशा वेळी रोख पगार कोठून आणणार? म्हणून पुढे जिंकावयाच्या मुलखाचे आश्वासन हेच चलन झाले. १६९१ मध्ये घोरपडे सरदारांना दिलेले आश्वासन पाहावे. सुमारे सहा लाख होनांचे देणे, तेही टप्प्याटप्प्याने : रायगड प्रांत घेतल्यावर काही, मग विजापूर, भागानगर, औरंगाबाद आणि उरलेले दिल्ली घेतल्यावर. कामगिरीशी बांधलेल्या बक्षिसाचा इतका धीट नमुना मध्ययुगीन कागदपत्रांत क्वचितच मिळेल. हे आश्वासन जवळजवळ पोकळ होते. तरी ते उपयोगी पडले. माझ्या मते याचे कारण असे की, देणारा आणि घेणारा एकाच संकटात होते आणि दोघांनाही ते ठाऊक होते.

औरंगजेबाकडे याउलट खजिना होता. १७०० नंतरच्या किल्ल्यांच्या मोहिमेत त्याने पुष्कळ किल्ले पैसे मोजून घेतले. विशाळगड १७०२ मध्ये दोन लाख रुपयांना, सिंहगड १७०३ मध्ये पन्नास हजारांना. तोरणा तेवढा हल्ला करून जिंकला, असे जदुनाथ सरकारांनी नमूद केले आहे. बादशहाची पाठ वळल्यावर काही वर्षांतच यांपैकी बरेच किल्ले मराठ्यांनी परत घेतले. किल्ला सोडण्याचे पैसे किल्लेदाराला मिळाले होते. तो राखण्यात रस असलेला माणूस मात्र त्या पैशांनी मिळाला नाही.

राजारामकालीन सवलतीची किंमत पुढे मोजावी लागली. संकटात दिलेली आश्वासने संकट गेल्यावर मागे घेता आली नाहीत. १७१५-१६ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्य बजावतात की, सेवकाच्या पराक्रमाबद्दल बक्षीस द्यावे, पण जमीन वंशपरंपरेने तोडून देऊ नये. उपदेश योग्य होता, पण उशिरा आला. सरंजामी पद्धत रुजली आणि सरदार आपापल्या पथकाचा धनी झाला.

इब्राहिमखानाचा रोजमुरा

अठराव्या शतकात या सरंजामी फौजेशेजारी एक निराळाच नोकर उभा राहिला : गारदी. हा शब्द फ्रेंच ‘गार्द’वरून आला. हैदराबाद दरबारी बुसीने कवायती पायदळाचा दरारा निर्माण केला आणि त्याच्या हाताखाली शिकलेले अधिकारी पुढे निजामाकडे व पेशव्यांकडे गेले. त्यांतला सर्वांत नामांकित इब्राहिमखान गारदी. गारद्यांना सरंजाम नको होता. बंदूक, दारूगोळा, कवायत आणि महिन्याच्या महिन्याला रोख रोजमुरा, एवढीच त्यांची मागणी. मराठा सरदारांना हा हट्ट उद्धटपणाचा वाटे. त्यांच्याकडे नालबंदी आगाऊ, बाकी मोहिमेअखेर आणि हिशेब वर्षानुवर्षे चालू, अशी रीत होती.

पानिपतच्या लढाईचे एक महत्त्वाचे साक्षीकथन काशीराज पंडिताचे आहे. तो शुजाउद्दौल्याच्या नोकरीत होता, म्हणजे शत्रूच्या छावणीत. त्याचा फार्सी वृत्तांत जेम्स ब्राउनने १७९१ मध्ये इंग्रजीत आणला. इब्राहिमखानाकडे दोन हजार घोडेस्वार, नऊ हजार कवायती शिपाई आणि चाळीस तोफा होत्या, असे काशीराज सांगतो. १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी इब्राहिमखान सदाशिवरावभाऊंसमोर आला. माझ्या माणसांच्या दरमहाच्या पगाराचा आग्रह धरतो म्हणून आपण माझ्यावर फार दिवस नाराज आहात. या महिन्यात खजिना लुटला गेला आणि आम्हांला काहीच मिळाले नाही. ते असो, इतके दिवस घेतलेला पगार फुकट घेतला नाही हे आज दाखवतो, अशा अर्थाचे तो बोलला. मग निशाण हाती घेऊन त्याने रोहिल्यांवर चाल केली. त्याच्या पलटणींपैकी सहा जवळजवळ नष्ट झाल्या. समोरच्या रोहिल्यांचे मेलेले व जखमी मिळून काशीराज आठ हजार सांगतो. हा आकडा फुगलेला असू शकेल, पण त्या बाजूच्या लढाईची तीव्रता त्यावरून कळते. इब्राहिमखान जखमी होऊन पकडला गेला आणि थोड्याच दिवसांत अफगाणांच्या कैदेत मरण पावला.

हा प्रसंग ‘धर्मापेक्षा निष्ठा मोठी’ या मथळ्याखाली अनेकदा सांगितला जातो. ते चुकीचे नाही; पण त्यामुळे इब्राहिमखानाच्या बोलण्यातला पगाराचा मुद्दा गळून पडतो आणि तोच येथे महत्त्वाचा आहे. त्या महिन्याचा पगार मिळालेला नव्हता. केवळ पैशासाठी लढणारा माणूस त्या सकाळी थांबला असता. परंतु मागचे महिने मिळाले होते आणि या महिन्याचे का मिळाले नाही हे सर्वांना दिसत होते. गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले होते आणि छावणीकडे येणारा खजिना शत्रूच्या हाती पडला होता. नाइलाजाने थकलेला पगार आणि बेपर्वाईने थकवलेला पगार यांतला फरक शिपायाला कळतो.

बेपर्वाईने थकवलेल्या पगाराचे काय होते, हे बारा वर्षांनी पुण्यात दिसले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पहाऱ्यावरचे गारदी थकलेल्या पगाराची तक्रार घेऊन आत शिरले. कट राघोबादादांच्या पक्षाचा होता. पाच लाख रुपये देऊ केल्याचे सांगितले जाते. पैशाच्या दृष्टीने गारद्यांना एवढे मोठे आमिष पूर्वी कधी दाखवले गेले नव्हते. पण ते आमिष आत शिरू शकले ते थकबाकीच्या फटीतून. राजवाड्यातला पहारा आपल्या पगारासाठी आरडाओरडा करतो आहे, यात त्या दिवशी कोणाला काही विशेष वाटले नाही, ही गोष्ट दरबाराविषयी पुष्कळ सांगते.

मराठीत ‘गारदी’ हा शब्द तेव्हापासून मारेकऱ्याच्या अर्थाने रूढ झाला. त्याला एका समाजाचा वासही लावला जातो. कटातील पुढाऱ्यांची नावे सुमेरसिंग, खरकसिंग आणि महंमद इसफ अशी आहेत, एवढे वर्गात सांगितले तरी त्या समजाला आळा बसेल. पानिपतावर कापले गेलेले आणि शनिवारवाड्यात शिरलेले, दोघेही गारदीच होते. नोकरीची पद्धत तीच होती. धन्याचा हिशेब बदलला होता.

धरणे

महादजी शिंद्यांनी यातून धडा घेतलेला दिसतो. १७८४ पासून त्यांच्या नोकरीत आलेल्या द बॉयनला पलटणींच्या खर्चासाठी दुआबातला जायदाद म्हणून स्वतंत्र मुलूख तोडून दिला गेला आणि त्याच्या उत्पन्नातून पगार वेळेवर होऊ लागला. याच पलटणींनी १७९० मध्ये मेडता आणि १७९३ मध्ये लाखेरी जिंकली. डर्क कोल्फ यांनी १९९० च्या ग्रंथात दाखवल्याप्रमाणे, उत्तर हिंदुस्थानातील ज्या शेतकरी-शिपायांच्या बाजारातून अशा पलटणी भरल्या जात, तोच बाजार ईस्ट इंडिया कंपनीलाही शिपाई पुरवत होता. म्हणजे माणसे एकाच तऱ्हेची, फक्त धनी वेगळे. कंपनीचा पगार मोठा नव्हता, पायदळ शिपायाला महिन्याला सात रुपये. पण तो मिळत असे, आणि जायबंदी झाल्यावर पेन्शन किंवा जमीन मिळे. कंपनीच्या आकर्षणात या गोष्टीला किती वजन होते, हे सीमा अलवी यांनी १९९५ मध्ये तपशिलाने मांडले आहे.

तरी एक उदाहरण माझ्या म्हणण्याला पूर्णपणे जुळत नाही, आणि ते झाकून ठेवणे बरे नाही. १८०३ मध्ये वेलस्लीने जाहीरनामा काढला : शिंद्यांची नोकरी सोडणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना कंपनी तोच पगार देईल. अनेक युरोपीय अधिकारी निघून गेले. मागे राहिलेले शिपाई मात्र १ नोव्हेंबर १८०३ रोजी लासवारीला असे लढले की जनरल लेकलाही त्यांची तारीफ करावी लागली. या वागण्यात पलटणीची अब्रू, सोबत्यांची लाज, तोफांचा अभिमान असे पुष्कळ काही असले पाहिजे. ते कोणत्याही पगारपत्रकात सापडणार नाही.

दौलतराव शिंद्यांच्या छावणीत पुढे काय चालले होते, ते ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याच्या १८०९ मधील पत्रांत वाचावयास मिळते. पगार थकला की शिपाई कारभाऱ्याच्या किंवा खुद्द धन्याच्या तंबूपुढे धरणे धरून बसत. ज्याच्यावर धरणे असे त्याला अन्न घेता येत नसे, आणि बसणारेही उपाशी राहत. फौज अशा रीतीने धन्यालाच वेढा घालून बसू लागली. होळकरांकडे परिणाम अधिक रक्तरंजित झाला. पगार थकलेल्या आणि इंग्रजांशी गुप्त बोलणी चालू असल्याच्या संशयाने पेटलेल्या फौजेने डिसेंबर १८१७ मध्ये तुळसाबाईंना क्षिप्रेच्या काठी ठार केले. दुसऱ्याच दिवशी, २१ डिसेंबरला, महिदपूरची लढाई झाली व होळकर हरले.

वडोदऱ्यात थकबाकीने संस्थेचे रूप घेतले. गायकवाडांना सावकार कर्ज देत, ते अरब जमादारांच्या हमीवर. या हमीला ‘बहांदरी’ म्हणत. अरब शिपायांचा पगार सरकारकडे अडकलेला आणि सरकारचा शब्द अरबांच्या हमीशिवाय बाजारात चालत नाही, असा हा चमत्कारिक फास होता. १८०२ मध्ये मेजर वॉकरने कंपनीच्या फौजेनिशी शहराला वेढा घालून अरबांना बाहेर काढले, त्यांच्या थकबाकीचा हिशेब कर्ज उभारून भागवला आणि अरबांच्या जागी कंपनीची बहांदरी आणली. गायकवाडी कारभारात कंपनीचा हात शिरला तो या हमीपत्रांतून.

हैदराबादचा प्रसंग या सर्वांहून मोठा आहे. निजामाच्या खर्चाने व इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणाऱ्या कंटिंजंटचा पगार वेळेवर होत असे. दरबाराच्या स्वतःच्या अरब, पठाण व इतर तुकड्यांचा थकत असे. पण कंटिंजंटचा तो नियमितपणाही उसना होता. पामर आणि कंपनी या पेढीने १८१४ पासून चोवीस-पंचवीस टक्क्यांच्या घरातील व्याजाने निजाम सरकारला पैसा पुरवला आणि १८२४ मध्ये ती पेढी बुडाली. पुढे कंपनी सरकारच उचल देऊ लागली आणि तिचा आकडा फुगत गेला. दरम्यान अरब व पठाण जमादारांनी आपल्या थकलेल्या पगारापोटी तालुकेच्या तालुके गहाण घेतले होते आणि ते वसूल परस्पर घेत होते.

२१ मे १८५३ रोजी निजाम नासिरुद्दौल्याने तहावर सही केली. कंटिंजंटच्या पगारासाठी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गचा भाग कंपनीच्या हवाली झाला. दिवाण सिराजुल्मुल्क त्यानंतर थोड्याच दिवसांत वारला आणि ३१ मे रोजी त्याचा चोवीस वर्षांचा पुतण्या सालारजंग दिवाणगिरीवर आला. शिपायांचा व अंमलदारांचा पगार नियमाने खजिन्यातून देणे आणि जमादारांकडे गहाण पडलेले तालुके सोडवणे, ही त्याच्या पहिल्या कामांपैकी होती. १८६० मध्ये सुमारे पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले, रायचूर आणि धाराशिव परत मिळाले. वऱ्हाड मात्र मिळाले नाही. त्यासाठी सालारजंगने पुढे अनेक वर्षे अर्ज-विनंत्या केल्या, १८७६ मध्ये तो लंडनलाही जाऊन आला. १९०२ मध्ये निजाम महबूब अली खान आणि लॉर्ड कर्झन यांच्यातील करारानुसार, पलटणीच्या पगारापोटी अडकलेला हा मराठी प्रांत वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने इंग्रज सरकारकडे गेला.